यादीतला चौथा

इंगळे काका लग्नात अक्षता टाकत नाहीत. मुठीत घट्ट धरून उभे राहतात. शेवटचं ‘सावधान’ झालं, बँडवाल्यांनी गालफडं फुगवली, की चार खुर्च्यांपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, “गेली ओळ!” मग ती मूठ कोटाच्या खिशात रिकामी करतात आणि पंगतीकडे चालू लागतात. एकदा मूर्तिजापूरच्या एका लग्नात ‘गेली’ एवढंच ऐकून नवरीची मावशी घाबरली आणि स्वतःची पर्स चाचपू लागली. काका तोवर जिलबीपर्यंत पोचले होते.

ओळ म्हणजे कॉम्प्युटरातली. आमच्या समाजाचं वधू-वर मंडळ अकोल्यात आहे, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. तिथे लग्नाच्या मुला-मुलींची नावं ज्या शीटमध्ये नोंदवलेली असतात, ती शीट गुलाबराव इंगळ्यांच्या ताब्यात. एका माणसाची एक ओळ. नाव, गाव, वय, उंची, शिक्षण, व्यवसाय, अपेक्षा. माणसाचं लग्न लागलं की ओळ पुसायची. काकांच्या लेखी लग्न लागतं ते तेव्हा. मांडवात होतो तो नुसता खर्च.

मी अकोल्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. त्यामुळे मंडळात काही बिघडलं की मला बोलावणं येतं, आणि त्यामुळेच गेली सात वर्षं हा मनुष्य माझ्या नशिबी आलेला आहे. गिरणीचा जिना चढून गेलं की आधी पिठाचा वास येतो, मग काका दिसतात. मॉनिटरवर नॅपकिन, कीबोर्डवर पिठाचा थर, आणि त्यात काका दोन बोटांनी टाइप करत बसलेले. आयुष्यभर कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत टायपिस्ट होते, दहा बोटांनी टाइप करायचे म्हणतात. कॉम्प्युटर आल्यावर आठ बोटांना निवृत्ती दिली. का, तर “हे नाजूक यंत्र हाय मास्तर, याले दनके चालत नाईत.”

माणसांना ते नावानं ओळखत नाहीत. नंबरानं ओळखतात. रस्त्यात कोणी नमस्कार केला की मान तिरकी करून विचारतात, “तुमी किती नंबर?” मुलीचा बाप बिचारा “मी वानखडे” म्हणतो. काका म्हणतात, “ते असू द्या. नोंदणी किती?” माझी बहीण सुनीता दोनशे सात होती. तिचं लग्न होऊन ती बडनेऱ्याला गेली, तिला दोन मुलं झाली, तरी काका मला विचारतात, “दोनशे सात मजेत हाय ना?” मी हो म्हणतो. नाव सांगून काही उपयोग होत नाही.

आता काकांच्या मॅक्रोविषयी सांगितलं पाहिजे, कारण काकांना दुसरा विषय नाही. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला आधी लिहून ठेवलेल्या हुकुमांची माळ. आपण एक बटण दाबायचं, त्यानं मागची वीस कामं मुकाट करायची. जिनिंग बंद पडली तेव्हा काकांना निरोपाचा नारळ आणि एक जुना कॉम्प्युटर मिळाला, त्याच्यासोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. काकांनी ते शब्दकोश घेऊन वाचलं. दीड वर्षं वाचलं. आणि त्यातून त्यांनी स्वतः, कोणाला न विचारता, एक मॅक्रो लिहिला. मुलीच्या बापाचा फॉर्म आला की त्याच्या अटी शीटमध्ये भरायच्या, बटण दाबायचं, आणि सात मुलांची यादी छापून बाहेर. सातच का, तर सप्तपदी. ती यादी पाकिटात घालून टपालानं जायची.

मी तो मॅक्रो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला हसू आवरेना. माझ्या क्लासमधली मुलं चार ओळींत करतील ते काकांनी दोन पानांत केलं होतं. पण सगळ्यात गंमत पहिल्याच ओळीची. तिथे त्यांनी कॉम्प्युटरला असा हुकूम देऊन ठेवला होता की काही चूक आली तर थांबू नको, सांगू नको, पुढच्या ओळीवर जा. मी म्हटलं, “काका, असं कोणी करतं का? चूक झाली तर कळायला नको?”

“कळून काय करता?” काका म्हणाले. “चूक आली, पुढं चाल.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. ते वाक्य ते नुसतं मॅक्रोला लावत नाहीत, सगळीकडे लावतात. एकदा हिवरखेडची म्हणून भलत्याच एसटीत बसले आणि तेल्हाऱ्याला उतरले. चूक आली, पुढं चाल. तेल्हाऱ्यात दोन फॉर्म भरून घेतले आणि मग घरी गेले. हिवरखेडला त्यांचं घर आणि वावर, म्हणजे शेत. तिथून आठवड्यातून तीन दिवस एसटीनं अकोल्यात यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. दुपारी डबा उघडायचे. त्यातल्या पोळ्या मी जन्मात विसरणार नाही. एकीचा आकार दुसरीला नाही, मध्ये जाड, कडेला करपलेली. मी एकदा म्हटलं, “काका, हा कोणत्या जिल्ह्याचा नकाशा?” काका हसले. “पोरगा करते,” म्हणाले. “शिकून राह्यला.” काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात हे दोघंच बाप-लेक, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे मी काही विचारलं नाही. पोळीवर विनोद करून झाला की माझं काम संपत असे.

आता मंडळातल्या फॉर्मबद्दल. तो काळ असा, की वऱ्हाडातल्या शेतकऱ्यावर रोज पेपरात छापून येत होतं. पुढारी येत होते, पाहून जात होते. मंडळाच्या मेळाव्यात प्रत्येक वक्ता बळीराजासाठी गळा काढायचा. आणि त्याच वक्त्याच्या मुलीचा फॉर्म पाहिला तर ‘अपेक्षा’ या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असायचं: ‘नोकरी, शक्यतो सरकारी. घरची शेती असल्यास उत्तम. शेती करणारा नको.’ वावर पाहिजे, पण त्यात उभा असलेला माणूस नको. हे लिहिणारे स्वतः शेतकरीच होते, हे विशेष. मी त्यांना नावं ठेवतो आहे, पण सुनीताचा फॉर्म मीच भरला होता आणि त्यात मीही हेच लिहिलं होतं. अक्षर माझं जास्त सुवाच्य होतं, इतकाच फरक.

तर अशी अट लिहिलेल्या बापाच्या हातात सात नावांची यादी पडायची. पहिला शिक्षक, दुसरा तलाठी, तिसरा पुण्याला कंपनीत. आणि चौथा शेतकरी. पाचवा पुन्हा नोकरीवाला. दरवेळी, न चुकता, चौथा शेतकरी. बाकी वय जुळायचं, उंची जुळायची, शिक्षण जुळायचं, फक्त जी अट दोनदा अधोरेखित केलेली ती मोडलेली. मुलीचे बाप खवळून जिना चढून यायचे. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायचे, “इंगळे, शेतकरी नको म्हनून लिवलं होतं ना आमी?”

काका चष्मा काढायचे, पुसायचे, यादी उलटीसुलटी करून पाहायचे. “अरे बावा,” म्हणायचे, “हे पुन्हा आलं का? मॅक्रो आयकत नाई. सुधरवतो.”

सात वर्षं सुधरवत होते. सुनीताच्या यादीतही चौथा होता, तेल्हाऱ्याकडचा, संत्र्याची बाग असलेला. आमच्या वडिलांनी त्या नावावर अशी काट मारली की कागद फाटला. मी मंडळात जाऊन काकांना दहा माणसांसमोर सांगितलं की साधी एक अट ज्याला पाळता येत नाही त्यानं मॅक्रो लिहू नये, पापड लाटावेत. काका म्हणाले, “बरोबर हाय तुमचं.” आणि चष्मा पुसू लागले.

मग मंडळात फुकटचं ऑफिस आलं. ऑफिस म्हणजे शीट, पत्रं ज्यात करतात तो कॉम्प्युटरातला प्रोग्राम. झालं असं, की जुन्या कॉम्प्युटरात घातलेलं विकतचं ऑफिस कोणी विकत घेतलेलंच नव्हतं. कोणीतरी अध्यक्षांच्या कानात सांगितलं की अशा ठिकाणी धाडी पडतात. अध्यक्ष आमचे मोठे शूर, पण ते भाषणापुरते. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी देणगीतून नवा कॉम्प्युटर आणला, त्यात जगात कोणीही फुकट घ्यावं असं ऑफिस घातलेलं, आणि मला फोन केला. “मास्तर, इंगळेच्या मॅक्रोले याच्यात बसवून द्या. सारखंच असते म्हनतात.”

सारखंच असतं. शेजारच्या घरची किल्ली आपल्या किल्लीसारखीच असते, कुलपात जातेसुद्धा, फक्त फिरत नाही. शीट उघडली, रंग गेले, रकाने दिसले. काकांनी दोन्ही हात जोडून बटण दाबलं. यंत्रानं विचार केला आणि यादी छापली. एक, दोन, तीन. मग कोरी जागा. मग पाच, सहा, सात.

मी खूश झालो. सात वर्षांत पहिल्यांदा चौथा शेतकरी आला नाही! फुकटच्या ऑफिसनं एक तरी काम धड केलं. पण काकांचा चेहरा पडला. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा कोरी जागा. “चूक आली,” काका म्हणाले, पण पुढचं काही बोलले नाहीत.

त्या याद्या तशाच गेल्या. आणि काय सांगावं, आठ दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. ज्या बापांनी सात वर्षं चौथ्याला शिव्या घातल्या, तेच फोन करून विचारू लागले, “आमच्या यादीत चौथा काहून नाही? आमच्यापासून लपवून राह्यले का? कलेक्टर असन तो.” एक बाई अकोटहून स्वतः आल्या. चौथ्या जागी नक्की कोणीतरी डॉक्टर होता आणि तो अध्यक्षांनी आपल्या भाचीसाठी राखून ठेवला, अशी त्यांची खात्री होती. माणसाला दिलेलं पसंत पडत नाही आणि न दिलेलं सुटत नाही, यापेक्षा जास्त मी काय बोलणार.

अध्यक्षांनी सभा बोलावली. त्या सभेत दोन विषय होते. एक, चौथा नंबर. दुसरा, मंडळाची वेबसाइट. आता मॅक्रो नको, टपाल नको, सगळं इंटरनेटवर, गुढीपाडव्याला उद्घाटन. पुण्याहून एक टायवाले गृहस्थ आले होते. त्यांनी भिंतीवर पडदा लावून साइट दाखवली. समाजातली सगळी मुलं फोटोसकट एका पानावर. डाव्या बाजूला चौकोन. “इथे पालक स्वतः निवड करतील,” टायवाले म्हणाले. “उदाहरणार्थ, व्यवसाय. समजा, शेती नको आहे.” त्यांनी शेतीसमोरची खूण काढली.

पडद्यावरची निम्मी पोरं नाहीशी झाली. अशी, टिचकीसरशी. सभेनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काम खरंच सफाईदार होतं.

मागच्या बाकावरून काका उठले. “साहेब, याच्यात चौथा नंबर कुठी टाकता येते?”

“कसला चौथा नंबर?”

“म्हंजे खून काढली तरी एक राह्यला पाह्यजे. एक. सातातला एक.”

टायवाले हसले. “आजोबा, युजरनं जे नको म्हटलं ते आपण कसं दाखवणार?”

“युजर म्हंजे पोरीचा बापच ना?” काका म्हणाले. “त्याले काय मालूम त्याले काय पाह्यजे ते.”

सभा खो खो हसली. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चौथा ही मॅक्रोची चूक नव्हतीच! म्हातारा सात वर्षं मुद्दाम ते करत होता, आणि ‘मॅक्रो आयकत नाई’ म्हणून आम्हाला टोप्या घालत होता. मी तिथेच कॉम्प्युटरकडे गेलो आणि मॅक्रो उघडला. दोन पानं. हसण्याच्या नादात दुसरं पान मी कधी वाचलंच नव्हतं; तिथे ‘चौथा’ नावाचा वेगळा भाग. त्याची सुरुवात वाचली: शीटच्या वरून, दुसऱ्या ओळीपासून खाली शोधत जा, आणि पाळी न आलेला पहिला शेतकरी सापडला की घे. पहिल्या ओळीत रकान्यांची नावं असतात. मग दुसऱ्या ओळीत कोण? मी शीट वर सरकवली.

प्रमोद गुलाबराव इंगळे. शेती. हिवरखेड.

मला असा आनंद झाला की सांगता येत नाही. मी सभेकडे वळून ते नाव मोठ्यानं वाचलं. म्हटलं, “ऐका मंडळी! चौथ्याचा शोध जिथून सुरू होतो तिथे सगळ्यात वर कोण बसलाय? काकांचे चिरंजीव! समाजाच्या पाकिटांतून सात वर्षं घरच्या पोराची जाहिरात चालली आहे. मधूनमधून दुसरी नावं टाकली असतील तोंडदेखली.”

कोणी शिट्टी वाजवली. अध्यक्ष म्हणाले, “गुलाबराव, हे बरं नाई.” टायवाल्यांनी पडदा गुंडाळायला घेतला. काका उभेच होते. मला वाटलं रागावतील, निदान काही सांगतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, “मॅक्रो आयकत नाई, मास्तर.” मग डब्याची पिशवी उचलली आणि जिना उतरून गेले. पाच वाजताची गाडी होती त्यांची.

साइट पाडव्याला सुरू होणार, पण तोवर आलेल्या अकरा फॉर्मांच्या याद्या जुन्या पद्धतीनंच पाठवायच्या आणि त्यात कोरी जागा ठेवायची नाही, असं सभेनं ठरवलं. म्हणजे मॅक्रो शेवटचा एकदा चालवून देणं आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गिरणीवर गेलो. काकांचा यायचा दिवस नव्हता. मी मॅक्रोतली पहिली ओळ, ती ‘चूक आली, पुढं चाल’वाली, बंद केली आणि एकेक ओळ चालवून पाहू लागलो. आता चूक आली की यंत्र तिथेच थांबणार आणि कुठे दुखतंय ते सांगणार होतं.

थांबलं. ‘चौथा’ या भागाच्या मध्यावर, एका लांबलचक ओळीवर. त्या ओळीतली आज्ञा फुकटच्या ऑफिसला कळत नव्हती. तिच्यावर अडकायचं, चूक गिळून पुढे जायचं, आणि चौथी जागा कोरी राहायची. मी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. नोंदणी क्रमांक एकशे बारा असेल तर त्याला घेऊ नको, पुढच्या ओळीवर जा. समोर काकांनी रोमन अक्षरांत मराठीत टीप लिहून ठेवली होती: ‘घरचा. वगळावा.’

मी शीटवर परत गेलो. नोंदणी क्रमांक एकशे बारा म्हणजे प्रमोद इंगळे. शेवटी एक रकाना होता, चौथा म्हणून कधी पाठवला त्याच्या तारखेचा. शीटमधल्या सगळ्या जुन्या शेतकरी पोरांपुढे तारखा होत्या. तेल्हारा, अकोट, बाळापूर, दर्यापूर, पाळीपाळीनं सगळे कोणा ना कोणाच्या यादीत जाऊन आले होते. एका ओळीसमोर तो रकाना सात वर्षं रिकामा होता. ती दुसरी ओळ.

आणि तो दुसऱ्या ओळीत का, हेही मग मला कळलं. बापानं त्याला वर बसवला नव्हता. एकशे बारा नंबर, म्हणजे त्याच्या वर कधीकाळी एकशे अकरा जण होते. एकेकाचं लग्न लागलं, एकेक ओळ पुसली गेली, आणि प्रमोद एकेक घर वर सरकत आला. प्रत्येक लग्नात मुठीत अक्षता धरून ‘गेली ओळ’ म्हणणारा माणूस घरी जाताना काय मोजत असेल, ते मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. साधी नाही, चांगली सणसणीत वाटली. दहा जणांसमोर मी या माणसाला पापड लाटायला सांगितलं होतं, आणि काल पन्नास जणांसमोर चोर ठरवलं होतं. ज्या रकान्यात पाहायला हवं होतं तो उजवीकडे चार बोटांवर होता.

संध्याकाळी बडनेऱ्याला सुनीताला फोन केला, उगाच. तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, “दादा, माया यादीतला चौथा मले आठवते. संत्र्याची बाग होती त्याची. बाबांनी फाडलेला कागद मी पाह्यला होता.” एवढं बोलून तिनं मुलांच्या शाळेचा विषय काढला. मीही शाळेबद्दलच बोललो.

काका सोमवारी आले. नेहमीसारखे, कोट घालून, डबा घेऊन. कालपरवाच्या सभेचा शब्द काढला नाही. मी माफी मागायचं ठरवून आलो होतो, पण ते म्हणाले, “चालते का?” आणि मी म्हटलं, “चालतो.” माफी राहून गेली.

खरं म्हणजे ती ‘घरचा, वगळावा’वाली ओळ फुकटच्या ऑफिसला कळेल अशी पुन्हा लिहायला मला दहा मिनिटं लागली असती. मी ती लिहिली नव्हती. पुसली होती.

काकांनी हात जोडून बटण दाबलं. याद्या निघू लागल्या. पहिलीच यादी तेल्हाऱ्याच्या एका गृहस्थांची, मुलगी बी.ए. झालेली. शेती करणारा नको, ही अट होतीच. काकांनी कागद उचलला, एक, दोन, तीन म्हणत बोट खाली नेलं, आणि बोट थांबलं. खाली गिरणी चालू होती, जमीन नेहमीसारखी हलत होती.

“मास्तर,” ते म्हणाले. “हे कोनं टाकलं?”

“कुणी नाही. मॅक्रो ऐकत नाही, काका.”

“पुसून टाका. लोक म्हनतीन, मास्तर बोलले तसंच केलं म्हाताऱ्यानं.”

“लोकांना म्हणू द्या. सात वर्षांत एकदा पाळी आली आहे त्याची. सगळ्यांच्या तारखा पाहिल्या मी.”

काका माझ्याकडे पाहत राहिले. मी तारखांचा रकाना पाहिला, म्हणजे ती ओळही वाचली, हे त्यांना कळलं. मी मान खाली घालून बाकीच्या याद्या जुळवायला लागलो. काका खुर्चीत बसले आणि त्यांनी तो मजकूर हळूहळू, जणू दुसऱ्याच कोणाचा असावा तसा, मोठ्यानं वाचला. “प्रमोद गुलाबराव इंगळे. वय चौतीस. बारावी. शेती, ओलिताची. हिवरखेड.” मग थांबले. “याच्यात स्वयंपाक येते म्हनून नाई लिवलं.”

“तसा रकानाच नाही, काका.”

“पोया आता गोल जमते त्याले.” त्यांनी डब्याचं झाकण उघडून दाखवलं. खरंच गोल होत्या. मी इतकी वर्षं हसलो आणि त्या कधी गोल झाल्या ते पाहिलं नाही.

काकांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं. पेनाबरोबर चार-दोन अक्षता यादीवर सांडल्या, कुठल्या लग्नातल्या कोण जाणे. चौथ्या नावापुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘स्वयंपाक येतो’. लिहून झाल्यावर घाबरल्यासारखे माझ्याकडे पाहू लागले.

“चूक आली का, मास्तर?”

“आली,” मी म्हटलं. “पुढं चला.”

त्यांनी यादीची घडी केली, पाकिटात घातली, डिंक लावला आणि पाकीट तळहातानं बराच वेळ दाबून धरलं. मग टेबलावरच्या अक्षता एकेक करून वेचल्या आणि परत खिशात ठेवल्या.